तीन नंबरची नळी

१

नळीत पाणी ओतणाऱ्याला लाज वाटायला हवी होती. विरोध करायचा तर सभेत या, हात वर करा, समोरासमोर भांडा. चोरासारखं जहाजावर चढायचं, नळीचं झाकण फिरवायचं, आत पाणी ओतून पसार व्हायचं, ही कुठली मर्दुमकी? हे तिने मनात म्हटलं नाही. भर सकाळी डेकवर उभं राहून मोठ्याने म्हटलं. गोदीच्या उंच दगडी भिंतींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि शब्दन् शब्द तिलाच परत केला.

"झालं भाषण?" सारंगमामा म्हणाले. "की टाळ्या वाजवू?"

"टाळ्या नकोत, उत्तर हवंय. ही ओली कशी झाली?"

मामांच्या हातात पितळी सळई होती. तीच रोजची, दोरीला बांधलेली. ते या जहाजावरच्या खलाशांचे म्होरके होते, म्हणून सगळे त्यांना सारंग म्हणत. निवृत्त होऊन जमाना लोटला तरी रोज सकाळी ते यायचे आणि आपलं जुनं काम करायचे. जहाजाच्या प्रत्येक कोठाराला डेकवरून थेट तळापर्यंत जाणारी एक अरुंद नळी असते. सळईला खडू फासायचा, ती नळीतून खाली सोडायची, तळाला टेकली की वर ओढायची. जिथवर खडू धुतला गेला तिथवर आत पाणी. समुद्रावर जीव ह्या खडूवर अवलंबून. पण हे जहाज समुद्रावर नव्हतंच. कोरड्या गोदीत, लाकडी ठोकळ्यांवर, वर्षानुवर्षं बसून होतं. गोदीचं दार चिणून टाकलेलं, तळाशी गवत माजलेलं. पेन्शनर माणूस रोज पेपर चाळतो तसं मामा रोज सळई सोडायचे, आणि सळई रोज पांढरीशुभ्र वर यायची.

आज तिसऱ्या कोठाराच्या नळीतून ती वर आली तेव्हा टोकाचा नखभर खडू गेला होता.

"दव असेल," मामा म्हणाले.

"नळीच्या आत? दव?"

"मग घाम असेल. म्हाताऱ्यांना फुटतो घाम."

जहाजाला सगळे म्हातारं म्हणत, त्यामुळे हा विनोद नेहमीचाच होता. पण मामा हसले नाहीत. खिशातून रुमाल काढून त्यांनी सळईचं टोक पुसलं. एकदा पुसलं, परत पुसलं, आणि रुमाल खिशात न ठेवता कठड्यावरून खाली टाकून दिला.

२

तिच्या रागाला कारण होतं. म्हातारं भंगारात निघालं होतं आणि ती आडवी पडली होती. कॉलेज सुटल्यापासून तिने दुसरं काही केलंच नव्हतं. सह्या गोळा केल्या, विद्यार्थ्यांना आणून गंज खरवडून घेतला, साहेबलोकांच्या दाराबाहेरच्या बाकांवर दिवस काढले. 'मुली, जुनं लोखंड आहे ते,' असं सांगणाऱ्या प्रत्येक माणसाला तिने सुनावलं होतं की जुनं लोखंड तुमच्या डोक्यात आहे. शेवटी एक गोष्ट पदरात पडली. सरकारी सर्व्हेयर येऊन तळ तपासणार. तळ धड आणि कोरडा असेल तर जहाज संग्रहालय म्हणून राहील. पाण्याचा थेंब जरी सापडला, तरी तोडणारे बाहेर टपलेलेच होते. तपासणी याच आठवड्यात होती.

आणि नेमक्या याच आठवड्यात नळीत पाणी.

लोकांना वाटायचं, पोरीला इतिहासाचं वेड आहे. वेड होतंच, पण त्याच्या तळाशी तिचे बाबा होते. बाबा याच जहाजावर तिसरे इंजिनियर होते. ती पाळण्यात असताना एका वादळात जहाजाच्या तळाला तडा गेला. कप्तान तापाने फणफणून पडलेला, आणि सगळा भार मुख्य अधिकाऱ्यावर. तो अधिकारी म्हणजे बाबांचा सख्खा धाकटा भाऊ, तिचा काका. काकाने तसल्या समुद्रातून फुटकं जहाज बंदराला आणलं. सगळे वाचले, बाबा सोडून. त्यांना डाव्या कठड्यावरून लाटेने नेलं.

त्या कठड्यावर तिने पितळी पाटी लावून घेतली होती. बघायला येणाऱ्यांना ती तिथे थांबवायची आणि हात लांब करून दाखवायची: लाट इथून आली, अशी. सांगताना एकदाही तिचा आवाज हलला नव्हता. ज्याचं थडगं नाही त्याला निदान एक कठडा तरी असावा, एवढंच तिचं मागणं होतं. आई मात्र कधी जहाजावर आली नाही. "मला बोटीवर मळमळतं," म्हणायची. जहाज जमिनीवर उभं आहे हे सांगूनही.

त्या दिवशी तिने नळीच्या झाकणाला कुलूप लावलं. किल्ली मामांकडे दिली, कारण जगात काकाच्या खालोखाल तिचा विश्वास कुणावर असेल तर मामांवर.

दुसऱ्या दिवशी सळई बोटभर ओली होती. कुलूप जसंच्या तसं. तिने ओल्या टोकाला बोट लावून जिभेवर टेकवलं.

खारट.

"समुद्राचं पाणी आहे, मामा."

"समुद्र भिंतीपलीकडेच तर आहे," मामा तिच्याकडे न बघता म्हणाले. "बादली असली की झालं."

३

शंकेची पाल एकदा चुकचुकली की ती घरभर फिरते. किल्ली कुणाकडे? मामांकडे. रोज सळई कोण सोडतं? मामा. तोडणाऱ्यांच्या मुकादमाबरोबर मध्यंतरी चहाच्या टपरीवर कोण बसलं होतं? तेही मामाच. तिने फार विचार केला नाही. तिला थांबता येत नसे. तो तिचा गुणही होता आणि दोषही.

"किल्ली द्या, मामा."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे मी?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"कप्तान," ते तिला लाडाने कप्तान म्हणत, "मी तुला खांद्यावर घेऊन हे जहाज दाखवलंय. घेतलं असतंस नाव तर बरं झालं असतं."

त्यांनी किल्ली कठड्यावर ठेवली. मग जाता जाता थांबले. 

"त्या वादळात आम्ही तासातासाला सळई सोडत होतो. तिसऱ्या नळीत. मग तुझा काका म्हणाला, आता पुरे, आता नका सोडू."

"पाणी वाढायचं थांबलं म्हणून?"

"पाणी नव्हतं थांबलं."

"मग?"

"मग काय? मग बंदर आलं." मामांनी टोपी डोक्यावर दाबली. "माझं एक ऐक. मी नसताना ती सळई सोडू नकोस. झाकण लाव आणि विसरून जा. मी रोज सोडायचो, कारण... कुणीतरी विचारायला नको का, म्हणून सोडायचो."

"कुणाला विचारायला?"

पण ते शिडी उतरत होते. त्यांच्या पायांचा आवाज गोदीच्या तळापर्यंत गेला, गवतात बुडाला. तिला एवढंच वाटलं की माणूस पकडला गेला की असंच काहीबाही बोलतो.

४

दुपारी ती तिसऱ्या कोठारात उतरली. डेकवरच्या चौकोनी तोंडातून उन्हाचा एक तुकडा पार खाली पडला होता. बाकी सगळा गंजाचा अंधार. आत पाऊल टाकलं की स्वतःचाच श्वास दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा, अशी ती जागा. जमिनीचे पत्रे कोरडे ठणठणीत होते. तिने गुडघ्यांवर रांगत कोपरान् कोपरा हाताने चाचपला. धूळ, गंजाच्या खपल्या, बस.

कोपऱ्यात लंबगोल झाकण होतं. त्याखाली, कोठाराची जमीन आणि जहाजाचा खरा तळ यांच्यामध्ये, पोटावर सरपटत जाता येईल एवढी पोकळी असते. तडा तिथेच गेला होता. वादळानंतर त्या पोकळीत सिमेंट ओतून तडा बुजवला, असं काका सांगायचा. झाकणाच्या कडेने वेल्डिंगची जाड, वेडीवाकडी शिवण होती. घाईत टाके घातल्यासारखी. तिनेच त्यावर पांढऱ्या रंगाने सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'येथे सिमेंट भरले आहे.' बघायला येणाऱ्यांसाठी.

ती अक्षरं वाचता वाचता ती थबकली.

सिमेंट असेल, तर सळई टेकते कुठे?

डेकवर येऊन तिने कुलूप काढलं आणि सळई खाली सोडली. टेकली. नळीच्या तोंडाशी दोरीला गाठ मारली. मग सळई वर ओढून, तीच दोरी कोठाराच्या उघड्या तोंडातून, गाठ डेकच्या पातळीवर धरून, आत सोडली. सळई कोठाराच्या जमिनीला टेकली, आणि तरी दोरी उरली. उरलेली दोरी तिने हातात धरून पाहिली. फार नव्हती. आडवा माणूस मावेल एवढी.

म्हणजे खाली पोकळ होतं.

ठीक आहे, तिने स्वतःला समजावलं. सिमेंट एका बाजूला ओतलं असेल. नळीभोवती जागा सोडली असेल. काकाला नीट माहीत नसेल. काका काय गवंडी आहे? पोकळीत जुनं समुद्राचं पाणी अडकून राहिलं असेल, उन्हाने कुठूनतरी पाझरत असेल. बुद्धीला पटेल असं उत्तर सापडलं याचा तिला आनंद झाला. मामांची माफी मागायला हवी, असंही वाटलं.

खातरजमा करावी म्हणून तिने सळई पुसून कोरडी केली. खडू नवा काढला. वरपासून खालपर्यंत जाड थर फासला, आणि परत सोडली.

सळई टेकली. तिने वर ओढली, तर दोरी ताठ झाली आणि सळई आली नाही. अडकली असेल, खाली नळीचं तोंड तळाच्या थोडं वर संपतं, तिथे कडेला लागली असेल. तिने पुन्हा हिसका दिला. मग दोरी हलकेच सैल झाली. हिसक्याने सुटल्यासारखी नाही. कुणीतरी 'घे' म्हणून सोडून दिल्यासारखी.

वर आलेल्या सळईचं टोक ओलं होतं. ओलाव्याच्या वर, कोरड्या खडूत, तिरप्या चार रेघा होत्या. एकाखाली एक. तिने सळई फिरवली. मागच्या बाजूला एकच रेघ होती, बाकीच्यांपेक्षा रुंद.

तिने आपली बोटं त्या रेघांवर ठेवून पाहिली. तिची बोटं लहान पडली.

नळी अरुंद, कडेला घासली असेल. दोरीचा पीळ उमटला असेल. मामांच्या हाताचे ठसे असतील. पण खडू तिने स्वतः फासला होता, आता, उन्हात, या कठड्याला टेकून. ती डेकवर बसून राहिली. तिच्या मांडीवर सळई होती आणि ती खाली ठेवायचं धाडस तिला होत नव्हतं.

५

काका डबा घेऊन आला. तपासणीच्या आठवड्यात तिचं जेवणाकडे लक्ष नसतं हे त्याला ठाऊक होतं. तिच्या फीपासून तिच्या पहिल्या सायकलपर्यंत सगळं त्याने केलं होतं. तिच्या सभांना तो मागच्या रांगेत बसायचा आणि टाळ्या सगळ्यांत आधी वाजवायचा.

"तोंड का उतरलंय? मामाशी भांडलीस म्हणे."

"काका, तिसऱ्या नळीत पाणी आहे."

काकाने डबा खाली ठेवला. किती पाणी, कधीपासून, कुठून, असं त्याने विचारलं नाही. तळाला पाणी म्हटल्यावर ज्याने हयातभर हेच तीन प्रश्न विचारले त्या माणसाने एकही विचारला नाही. त्याने फक्त तिच्या मांडीवरची सळई उचलली, त्या रेघांकडे बघितलं, आणि शर्टाच्या बाहीने खडू पुसून टाकला. सवयीने कपाळावरचा घाम पुसावा तसा.

"आत जा, दोन घास खा," तो म्हणाला. "मी बघतो."

ती गेली. डबा घेऊन जुन्या मुदपाकखान्यात बसली, झाकण उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की पाण्याची बाटली बाहेरच राहिली. म्हणून ती परत आली. एवढंच. पुढे कितीदा तरी तिला वाटलं की तहान लागली नसती तर बरं झालं असतं.

काका नळीशी उकिडवा बसला होता. पाठ तिच्याकडे. दोरी त्याच्या दोन्ही हातांत, ताणलेली, थरथरणारी. तो ओढत होता आणि ती येत नव्हती. त्याचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता तसा होता, लहान भावाचा, लाडात आलेला, रडवेला.

"दादा, सोड ना," तो नळीत तोंड घालून म्हणत होता. "तेव्हासारखं करू नकोस. सोड."

दोरी सैल झाली. काका मागे कलंडला, सावरला, आणि तेव्हा त्याला ती दिसली.

 गोदीपलीकडे लाट भिंतीवर आपटली आणि तिने, रोज ज्या कठड्याकडे बोट दाखवायची, त्या कठड्याकडे पाहिलं. पाटी उन्हात चकाकत होती. तिनेच घासून चकचकीत ठेवलेली.

"बाबांना लाटेने नेलं ना, काका?"

काका दोरीची गुंडाळी करू लागला. वेढ्यावर वेढा, नीटनेटका.

"बाबा आत असताना ते खालचं झाकण कुणी लावलं?"

"जहाजावर माणसं होती, बाळा. सगळ्यांना घरं होती."

"आपलं घर नव्हतं?"

वेढ्यावर वेढा.

"आईला माहीत आहे?"

गुंडाळी पूर्ण झाली. काकाने तिचं टोक आत खोचलं, ती खुंटीला अडकवली, आणि मग तिच्याकडे बघितलं. सायकल शिकवताना तिच्याकडे बघायचे तेच डोळे. त्यांत काहीच बदललं नव्हतं, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"उद्या सर्व्हेयर येतोय," तो मऊ आवाजात म्हणाला. "ते झाकण उघडायचं म्हटलं तर वेल्डिंग कापावं लागेल. आतलं पाणी दिसलं की जहाज गेलं. मग तुझ्याकडे ना कठडा राहील, ना पाटी. ठरव. मी तुझ्या पाठीशी आहे. कधी नव्हतो?"

६

सर्व्हेयर ठेंगणा, खोकणारा, घाईत असलेला माणूस होता. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात लांब दांड्याची हातोडी. लोखंड जुनं झालं की डोळ्यांना फसवतं, म्हणाला, कानाला फसवत नाही. तो प्रत्येक पत्र्यावर हातोडी मारायचा आणि डोकं कलतं करून ऐकायचा. जाड पत्रा खणकन वाजतो, कुजलेला भद् करतो.

मामा आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून शिडीशी उभे होते आणि तिच्याकडे बघत नव्हते. ती त्यांच्याजवळून गेली तेव्हा तिला म्हणायचं होतं, तुम्हीसुद्धा? रोज सकाळी माझ्याशी थट्टा करत करत तुम्ही खाली सळई सोडत होता? पण ती तशीच पुढे चालत राहिली. रात्रभर एकच वाक्य तिने घोकलं होतं आणि ते सांडू द्यायचं नव्हतं. सिमेंट खोटं आहे, उघडा. बस, एवढं सांगायचं. मग जहाज जाईल तर जाऊ दे. जहाज, पाटी, सगळ्या सह्या, सगळी भाषणं, काका. खोट्यावर उभं राहिलेलं काही वाचवायचं नाही, असं तिनेच किती सभांत सांगितलं होतं.

पहिलं कोठार झालं. "उत्तम," सर्व्हेयर म्हणाला. दुसरं झालं. "अहो, हल्लीच्या जहाजांना असा तळ नसतो." तिच्या छातीत काहीतरी उड्या मारायला लागलं आणि तिला कळलं की तो आनंद आहे. तिला त्याची शरम वाटली, पण तो गेला नाही.

तिसऱ्या कोठारात उन्हाचा तुकडा झाकणापासून हातभर दूर पडला होता. सर्व्हेयरने टॉर्च मारली. तिचीच सुबक अक्षरं उजळली.

"सिमेंट?" त्याने विचारलं. "नक्की? पूर्ण भरलंय? म्हणजे मला हे उघडून बघायला नको."

काकाचा हात तिच्या खांद्यावर आला. जड नव्हता. नेहमीचाच होता, उबदार.  उत्तर त्याने तिच्यावर सोडून दिलं. मामा वरून वाकून बघत होते. त्यांचं डोकं त्या चौकोनी उजेडात काळं दिसत होतं. सर्व्हेयरने पेनाचं टोपण दातांनी उघडलं होतं.

तिने तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य तिथेच होतं, जिभेवर, तयार.

"हो," तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, स्वच्छ, न हललेला, पाटीपाशी असायचा तसा. "पूर्ण भरलंय. सिमेंटच आहे."

काकाने तिचा खांदा हलकेच दाबला.

"छान. मग कडेच्या चार पत्र्यांवर मारून बघतो, आणि सही करून मोकळा होतो." सर्व्हेयर गुडघ्यावर बसला. हातोडी मारली, डोकं कलतं केलं, ऐकलं. कपाळाला आठी पडली. पुन्हा मारली, कान पत्र्याजवळ नेला. मग त्रासून वर बघितलं, काकाकडे, मग तिच्याकडे.

"खाली कुणाला कामाला लावलंय तुम्ही?" तो म्हणाला. "जरा थांबायला सांगा हो त्यांना. मी एकदा मारलं की ते दोनदा मारतायत, मला माझीच हातोडी ऐकू येत नाहीये."